सकाळचं पहिलं पाऊल टेकवत नाही: टाचदुखीचे अकरा महिने

केवडा

गेल्या होळीच्या आठवड्यात सुरू झालेलं टाचेचं दुखणं आत्ता कुठे सुटलंय. या अकरा महिन्यांत मला ज्या गोष्टी उशिरा कळल्या, त्या दुसऱ्या कुणाला वेळेवर कळाव्यात म्हणून सविस्तर लिहितेय. लांबेल, पण वाचा.

माझं ठाण्यात छोटं पोळीभाजी केंद्र आहे. आम्ही तिघीजणी. पहाटे साडेपाचला कणीक मळायला घेतो, अकरापर्यंत पोळ्या चालू. होळीला पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी होत्या, त्या चार दिवसांत रोज तीन-चार तास जास्तीचं उभं राहणं झालं. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून डावा पाय खाली टेकवला आणि टाचेत, आतल्या बाजूला, खिळा घुसावा तशी कळ गेली. कपाटाला धरून, पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत मोरीपर्यंत गेले. वीस-पंचवीस पावलं झाली आणि दुखणं सैलावलं. वाटलं, रात्रीतून आखडलं असेल. दुपारी जेवून अर्धा तास बसले, उठायला गेले तर पुन्हा तीच कळ.

दोन महिने मी रात्री गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवण्यावर काढले. मग डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे काढला. टाचेच्या हाडाला पुढच्या बाजूने चोचीसारखं टोक आलेलं मला स्वतःलाच दिसलं. "हाड वाढलंय" हे दोन शब्द ऐकले आणि मी धसकाच घेतला. आता हे हाड आतून मांसात रुतत राहणार, कापल्याशिवाय सुटका नाही, असंच डोक्यात बसलं. सिलिकॉनचे टाचेचे कप घेतले, गोळ्या घेतल्या. जुलैत टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. ते देताना जे दुखलं ते सांगवत नाही, पण चौथ्या दिवसापासून टाच हलकी झाली. सगळं बरं झालं असं समजून मी श्रावणातल्या आणि गणपतीतल्या सगळ्या ऑर्डरी घेतल्या. सहा आठवड्यांनी दुखणं परत आलं, आधीपेक्षा जास्त.

सप्टेंबरात एका फिजिओथेरपिस्टताईंकडे गेले. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि आधी विचारलं, "तुम्ही पोळ्या लाटताना उभ्या कशा राहता ते दाखवा." मी त्यांच्या टेबलाशी उभी राहिले. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की उजवा पाय मी पुढे घेते आणि त्याची टाच उचललेली असते. लाटताना शरीराचा सगळा भार डाव्या टाचेवर. रोज पाच तास, सतरा वर्षं, अनवाणी, कोट्याच्या त्याच फरशीवर.

त्यांनी सांगितलेलं पुढचं सगळं मी एका ओळीत सांगते: हाडाचा नाद सोडा, तळव्यातल्या पट्ट्याला आधी ताण द्या आणि मग ताकद द्या, आणि महिने मोजायची तयारी ठेवा. पहिल्या महिन्यात काहीच फरक पडला नाही, मी रडकुंडीला आले होते. तिसऱ्या महिन्यात सकाळची कळ पंचवीस पावलांवरून पाच-सहा पावलांवर आली. संक्रांतीला गुळपोळ्या केल्या तेव्हा रात्री टाच जड झाली, पण सकाळी कळ नव्हती.

काय काय केलं ते विचारा, सांगते.

पिंपळपान

केवडाताई, माझ्या बायकोचं अगदी हेच चाललंय. तीही शाळेत दिवसभर उभी असते. सकाळी उठल्यावर करायचा व्यायाम कोणता ते आधी लिहा ना.

केवडा

पलंगावरून उतरायच्या आधीच करायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. बसायचं, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर आडवा घ्यायचा. त्याच बाजूच्या हाताने पाचही बोटं मुळाशी धरून नडगीकडे मागे ओढायची. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवून बघायचा. कमानीत तारेसारखा ताठ पट्टा लागला पाहिजे. तो लागला नाही तर ओढ बरोबर बसलेली नाही. दहा आकडे धरून ठेवायचं, सोडायचं, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. मी एक सकाळी, एक दुपारी जेवून उठायच्या आधी आणि एक रात्री करायचे. दुपारचा मी टाळायचे आणि नेमकी त्याच दिवशी उठताना कळ यायची.

पहिले दोन आठवडे "एवढ्याने काय होणार" असं वाटतं. तरी करायचं.

कृष्णाकाठ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मिरजेला असते. केवडाताईंनी सांगितलेला ताण अगदी बरोबर आहे. त्यामागचं कारण लिहिते, कारण कारण कळलं की माणूस व्यायाम सोडत नाही, असा माझा अनुभव आहे.

टाचेच्या हाडापासून निघून तळव्यातून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा जातो. त्याला प्लांटार फॅशिया म्हणतात. पायाची कमान म्हणजे धनुष्य धरलं, तर हा पट्टा म्हणजे त्याची दोरी. चालताना टाच उचलली जाते, बोटं मागे वळतात, दोरी आवळते आणि कमान ताठ होते. त्या ताठपणावरच आपण पाऊल पुढे रेटतो. प्रत्येक पावलाला हा पट्टा ओढला जातो, आणि ओढ सगळ्यात जास्त बसते ती टाचेच्या हाडाला तो चिकटतो तिथे, आतल्या बाजूला. म्हणून दुखतंही तिथेच.

आता सकाळचं. झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आणि पोटरी दोन्ही आखूड स्थितीत रात्रभर पडून राहतात. उठून पहिलं पाऊल टाकलं की अंगाचा भार एकदम पडतो आणि आखडलेला पट्टा झटक्यात ताणला जातो. ती कळ. चालून तो सैल झाला की कमी होते, आणि दिवसभराच्या उभ्याने संध्याकाळी पुन्हा ठणकायला लागतं. हा सकाळ-संध्याकाळचा नमुना इतका ठरलेला आहे की बहुतेक वेळा तो ऐकून आणि टाचेवर बोट दाबूनच निदान होतं. अंगठा मागे वळवून टाचेच्या आतल्या पुढच्या भागावर दाबलं की पेशंट पाय ओढून घेतो.

वाढलेल्या हाडाबद्दल मला कळकळीने सांगायचंय. ज्यांची टाच आयुष्यात कधी दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेत हे टोक दिसतं, आणि भयंकर टाचदुखी असलेल्या कितीतरी जणांच्या एक्स-रेत ते नसतं. दुखणं बरं झाल्यावर एक्स-रे काढला तरी टोक तिथेच असतं. केवडाताई, तुमचंही असेल. ते रुतत नाही. ते कापायची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

आणखी एक. या आजाराला "प्लांटार फॅशायटिस", म्हणजे पट्ट्याला सूज, असं नाव दिलेलं आहे, पण काढून तपासलेल्या पट्ट्यात सूज फारशी सापडत नाही. तंतू झिजलेले, विस्कटलेले दिसतात. म्हणून सुजेवरच्या गोळ्यांनी तात्पुरतं बरं वाटतं आणि गोळ्या थांबल्या की दुखणं तिथेच असतं. झिजलेल्या तंतूंना पुन्हा बांधणी करायला हळूहळू वाढत जाणारा भार लागतो. ताणाचा व्यायाम २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासातून पुढे आला: दहा आकडे, दहा वेळा, दिवसातून तीनदा, अगदी केवडाताईंनी लिहिलंय तसाच. ताकदीचा व्यायाम २०१५ च्या डेन्मार्कमधल्या अभ्यासातला. पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा म्हणजे बोटं मागे वळलेली राहतात. एका पायावर तीन आकड्यांत वर, वर दोन आकडे थांबायचं, तीन आकड्यांत खाली. एका आड एक दिवस. आधी १२ वेळांचे ३ फेरे, दोन आठवड्यांनी पाठीवर पिशवीत पुस्तकं घेऊन १० चे ४, पुढे वजन वाढवून ८ चे ५. एका पायावर जमत नसेल तर दोन्ही पायांनी सुरू करा. तीन महिन्यांनी या गटाचं दुखणं नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा कमी होतं. वर्षाच्या शेवटी मात्र दोन्ही गट सारखेच आले, म्हणजे ताण देणारेही सुधारतातच, वेळ जास्त लागतो. व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी कळ वाढलेली दिसली तर वजन कमी करा.

इंजेक्शनचं म्हणाल तर महिनाभर आराम पडतो हे खरं, पण पुढे टिकत नाही. वारंवार घेतलं तर पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. ती गादी एकदा गेली की परत येत नाही. घ्यायचंच झालं तर त्या आरामाच्या दिवसांत व्यायाम सुरू करा, काम वाढवू नका.

दहा जणांपैकी आठ-नऊ जण वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरे होतात. वर्ष मोठं वाटतं, पण हे सुटणारं दुखणं आहे.

केवडा

ताई, "आरामाच्या दिवसांत काम वाढवू नका" हे मला जुलैत कुणी सांगितलं असतं तर!

उत्तरवारा

मी जर्मनीत असते. इथे घरात घालायच्या मऊ चपला प्रत्येक घराच्या दारात असतात, पाहुण्यांसाठीसुद्धा. मी सुरुवातीला आपल्या सवयीने अनवाणीच वावरायचे, लाकडी जमिनीवर. टाच धरली तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच केला की घरात पायात काय घालता. आपल्याकडे स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही, त्यावर काय करता?

केवडा

हा प्रश्न आमच्या घरी फार नाजूक झाला होता, म्हणून लिहिते. दुकानात मी लगेच मऊ रबराची चप्पल सुरू केली. घरी सासूबाईंना ओट्याशी चप्पल नको होती. बरोबरच आहे, नैवेद्य तिथेच शिजतो. मग नवी कोरी जोडी आणली, ती फक्त स्वयंपाकघरात राहते, गॅलरीतही जात नाही. सणावाराला तीही काढते आणि सासूबाईंनी शिवलेल्या गोधडीची चौपदरी घडी ओट्याखाली घालून तिच्यावर उभी राहते. घडी त्या स्वतःच घालून ठेवतात. खरं सांगायचं तर रोजच्यालाही गोधडीवर उभं राहणं चपलेइतकंच बरं वाटतं.

आणि दुसरं, लाटताना दर दहा पोळ्यांनी पाय बदलते. आधी विसरायचे. मग सोबतच्या बाईंना सांगून ठेवलं, त्या डब्यात दहा मोजून टाकल्या की नुसतं "पाय" म्हणतात.

मुळामुठा

एमसीआर चप्पल म्हणतात ती हीच का? केमिस्टकडे मिळते ती? आणि कोल्हापुरी पूर्ण बंद करायची का? माझ्या पायात दुसरं काही शोभतच नाही.

कृष्णाकाठ

हो, बारीक छिद्रांच्या रबराची. कुष्ठरोग झालेल्यांच्या बधिर तळव्यांना जखमा होऊ नयेत म्हणून हे रबर आपल्याकडे चपलेत वापरात आलं, पुढे मधुमेहींना देऊ लागले आणि आता टाचदुखीलाही. अंगठ्याने दाबलं की दबलं पाहिजे आणि सोडलं की लगेच वर आलं पाहिजे. वर्षभर वापरून टाचेखाली बसली की बदला. मागे पट्टा असलेली मिळाली तर जास्त चांगली, कारण मोकळी चप्पल पायात टिकवायला बोटं सारखी आवळावी लागतात.

कोल्हापुरीवर माझाही जीव आहे. पण तिचा तळ सपाट आणि कडक, टाच अगदी जमिनीलगत. दुखणं चालू असेपर्यंत लग्नकार्यापुरती ठेवा. बरं झाल्यावर घाला, खुशाल घाला.

गारगोटी

इथे मला लिहावंच लागेल. वय आता २९. माझी टाच दुखायला लागली तेव्हा मी २३ चा होतो. दोन्ही टाचा, आणि तळापेक्षा मागच्या बाजूला, जिथे पोटरीची शीर येऊन मिळते तिथे. सगळीकडे "बूट बदल, वजन बघ" हेच ऐकलं. माझं वजन तेव्हा ५८ किलो होतं. साडेतीन वर्षं मी टाचेचे कप बदलत राहिलो. पहाटे चारला कंबर आखडून जाग यायची, उठून घरात फेऱ्या मारल्या की बरं वाटायचं. सकाळी तासभर कंबर मोकळी व्हायची नाही. या दोन गोष्टींचा टाचेशी संबंध असेल हे मला सुचलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. एकदा डोळा लाल होऊन प्रकाश सहन होईना, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी टाचेचं आणि कमरेचं विचारलं आणि संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. एचएलए-बी२७ ची (या आजारात बऱ्याच जणांत सापडणाऱ्या जनुकाची) रक्ततपासणी आणि कमरेखालच्या सांध्याचा एमआरआय झाला. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा संधिवात, निघालं.

उपचार चालू आहेत, नोकरी चालू आहे, रोज पोहतो. पण ती साडेतीन वर्षं माझी गेली. तुम्ही तरुण असाल, दोन्ही टाचा दुखत असतील, कंबर सकाळी आखडत असेल आणि विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होत असेल, तर टाचेवर थांबू नका. घरात कुणाला सोरायसिस असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

कृष्णाकाठ

गारगोटी, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. प्रत्येक टाचदुखी ही पट्ट्याची नसते. दाबल्यावर टाचेच्या मधोमध, मुका मार लागल्यासारखं दुखत असेल आणि सकाळपेक्षा कडक फरशीवर चालल्याने वाढत असेल, तर बहुधा ती चरबीची गादी. तळव्यात मुंग्या, जळजळ, विजेसारखी सणक असेल तर नस. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून चेपल्यावर कळवळायला होत असेल आणि रोज वाढतंच असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. त्यावर चालू नका, आधी दाखवा. रात्री झोपेत दुखत असेल, ताप असेल, टाच लाल-गरम झाली असेल, तर घरगुती उपायात एक दिवसही घालवू नका.

पिंपळपान

घरगुती उपायांवरून माझ्या आईचं सांगतो. तिला १४ वर्षांपासून मधुमेह. टाच दुखते म्हणून शेजारणीने सांगितलं तसं तिने वीट तापवून, वर रुईची पानं ठेवून, त्यावर टाच दाबून शेक घेतला. तिच्या तळव्यांची जाणीव कमी झालेली आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तिला ते गरम लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टाचेला हा एवढा फोड. जखम भरायला अडीच महिने लागले, रोज ड्रेसिंग, आणि त्या अडीच महिन्यांत तिने एकदाही तक्रार केली नाही, कारण तिला दुखतच नव्हतं. मला अजून तेच आठवतं, की तिला दुखत नव्हतं.

तुमच्या घरी मधुमेही माणूस असेल तर वीट नको, गरम पाण्याची पिशवी नको, बिब्बा तर अजिबात नको. रोज रात्री तळवे उजेडात धरून बघा. आईचे मी बघतो.

भातुकली

वाचून अंगावर काटा आला. काळजी घ्या आईंची.

माझा प्रश्न मुलाबद्दल आहे. ११ वर्षांचा आहे, फुटबॉल खेळतो. सामना झाला की टाचेची मागची बाजू दुखते, लंगडत येतो. इतक्या लहान वयात टाच?

कृष्णाकाठ

या वयात हे खूप दिसतं. टाचेच्या हाडाच्या मागच्या टोकाला वाढीचा कूर्चेचा थर असतो. उंची भराभर वाढते तेव्हा पोटरी त्या मानाने आखूड पडते आणि त्या थरावर ओढ बसते. सेव्हर्स डिसीझ असं भीतीदायक नाव आहे, पण हा आजार नाही, वाढीतला टप्पा आहे. ८ ते १४ वर्षांत येतो, थर हाडाशी सांधला गेला की संपतो, मागे काही राहत नाही. खेळ पूर्ण बंद करू नका, मुलं खचतात. धावणं आणि उड्या काही आठवडे निम्म्यावर आणा, बुटात टाचेखाली पातळ उंची द्या, पोटऱ्यांना ताण द्यायला शिकवा. फुटबॉलचे खिळ्यांचे बूट कडक मैदानावर घालत असेल तर साधे घालू द्या. एकाच टाचेला सूज किंवा रात्री दुखणं असेल तर मात्र दाखवून या.

औदुंबर

माझं युरिक ॲसिड ७.४ आलं. टाच त्यामुळेच दुखते असं लॅबवाल्याने सांगितलं. महिनाभर सगळ्या डाळी बंद केल्यात. वरणाशिवाय जेवण उतरत नाही हो.

केवडा

औदुंबरदादा, मीही ऑक्टोबरात पंधरा दिवस वरण सोडलं होतं. टाचेला काही फरक नाही, अशक्तपणा मात्र आला.

कृष्णाकाठ

युरिक ॲसिडचा झटका बहुतेकदा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी येतो. एका रात्रीत सांधा लाल, सुजलेला, पांघरूणही टेकू देत नाही असा. तुमचं सकाळी पहिल्या पावलाला दुखून नंतर सैल होत असेल, तर ते बहुधा युरिक ॲसिड नाही. आकड्याचं तुमच्या डॉक्टरांशी बोला, पण वरण खा. जपायचंच तर दारू आणि लाल मांस यांना जपा. डाळींमुळे हे दुखणं वाढतं असं दिसलेलं नाही.

मुळामुठा

२०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात चिकुनगुन्याची साथ होती तेव्हा मलाही झाला. घोटे आणि टाचा पाच महिने धरलेल्या होत्या. ताप आठवड्यात गेला, चाल मात्र म्हाताऱ्यासारखी राहिली. तेव्हा कुणाला तापानंतर टाच धरली असेल तर ती गोष्ट वेगळी. शिवाय एक विचारायचं होतं, वैद्यांनी मला "वातकंटक" असं सांगितलं होतं. कुणाला अनुभव?

केवडा

माझ्या मावशीने सांगलीच्या एका वैद्यांकडे अग्निकर्म (दुखऱ्या जागी तापवलेल्या सळईचा चटका) केलं होतं, तिला उतार पडला असं ती सांगते. वैद्य तिला म्हणाले की सुश्रुतसंहितेत हे दुखणं पाऊल वाकडंतिकडं पडल्याने होतं असं सांगितलंय. हे ऐकलं तेव्हा मला माझी डावी टाच आणि ती फरशी आठवली. मी स्वतः केलेलं नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

भीमातीर

राम कृष्ण हरी. मी ६१ वर्षांचा आहे, बारा वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी जातो. गेल्या आषाढीला दिवेघाट चढून सासवडला पोचलो आणि उजवी टाच टेकवेना. तिथून पुढे निम्मी वाट ट्रकमध्ये बसून गेलो. दिंडी शेजारून चालतेय आणि आपण वर बसलोय, हे मनाला फार लागलं. यंदा चालायचंच आहे. अजून चार महिने आहेत. काय करू ते सांगा. चप्पल न घालण्याचा नेम आहे, तेवढा सोडून बाकी सगळं करीन.

कृष्णाकाठ

काका, नेम सोडा असं मी म्हणणार नाही. चार महिने पुरेसे आहेत, पण आजपासून.

अडीचशे किलोमीटरच्या आसपास वाट, ती तीन आठवड्यांच्या आत. पाय एकदम रोजच्या दोन-तीन किलोमीटरवरून १५-२० वर जातात, पट्टा तिथे हरतो. वर लिहिलेला सकाळचा ताण आणि पायरीवरचा व्यायाम आज सुरू करा. चालणं दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा, दुखणं वाढलं तर त्या आठवड्यात तिथेच थांबा. पहिले दोन महिने चप्पल घालूनच चाला; नेम वारीतला आहे, सरावातला नाही. एप्रिलच्या शेवटापासून शेताच्या मातीवर अनवाणी दहा मिनिटं, मग वीस, असं वाढवा. डांबरावर अगदी शेवटी, आणि तेही सकाळीच; मे महिन्यात डांबर तळवे भाजतं. भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण द्या, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन स्नायू आहेत आणि दोघांनाही तो लागतो.

घाट चढताना पावलं लहान ठेवा. मुक्कामावर पोचलात की लगेच आडवे होऊ नका, पाच मिनिटं पोटरी ताणा आणि मग बसा.

भीमातीर

माउली, लिहून घेतलं. नातवाकडून मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलंय.

पिंपळपान

बायकोचं कळवतो. सात आठवडे झाले. सकाळी अजून दुखतं, पण आता ती भिंत धरत नाही. मुख्याध्यापिकांशी बोलून वर्गात उंच स्टूल मागून घेतलं, तासाला दहा मिनिटं टेकते. स्टूल मिळायलाच तीन आठवडे गेले.

केवडा

पिंपळपान, त्यांना सांगा की सात आठवड्यांना मी याहून मागे होते. शाळेला सुट्टी लागली की "आता बरंय" म्हणून व्यायाम थांबवू देऊ नका. आमच्यातल्या एकीने मे महिन्यात सोडला आणि जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून.

वजनाबद्दलही इथे कुणी बोललं नाही, म्हणून सांगते. माझं ७८ होतं, आता ७३. पाच किलोंनी टाचेला खरंच फरक जाणवला. पण टाच दुखत असताना "चालायला जा, वजन उतरव" हे ऐकून मला रडू यायचं. चालता येत नाही म्हणून तर वाढलं ना! मी सायकल मागून घेतली भाच्याची, टाचेवर भार येत नाही तिच्यात. चार महिने सायकल, मग चालणं.

भीमातीर

लोणंदहून लिहितोय, नातू टाइप करतो आहे. दिवेघाट चालत चढलो. आज नीरेत माउलींचं स्नान झालं. सकाळी तंबूत उठल्या उठल्या पाय मांडीवर घेऊन दहा-दहा वेळा करतो. आमच्या दिंडीतले सात-आठ जण शेजारी बसून तसंच करायला लागलेत, एक आजी तर आकडे न मोजता विठ्ठल विठ्ठल म्हणत धरतात. दहा वेळा विठ्ठल म्हटलं की सोडायचं.

उजवी टाच संध्याकाळी जड होते, सकाळी पाच-सहा पावलं खुपते. टाचेला आधार म्हणून चिकटपट्टी लावली होती ती पावसात सुटली. ती पुन्हा लावू का तशीच राहू देऊ? आणि ही खूण चालण्याजोगी आहे ना?

कृष्णाकाठ

काका, पाच-सहा पावलांत सुटतंय तोवर चाला. पट्टी काढून टाका, ओली राहिली तर कातडी सोलेल. रात्री पाय पूर्ण कोरडे करून नवी लावा. दोन्ही हातांनी टाच बाजूंनी चेपून रोज बघा. त्याने कळवळलात, किंवा सकाळचं खुपणं अर्ध्या तासाच्या चालण्यानेही सुटलं नाही, तर त्या दिवशी पालखीबरोबरच्या वैद्यकीय पथकाला पाय दाखवा आणि ते सांगतील तसं करा.

आजींना सांगा, विठ्ठल सावकाश म्हणा. घाईने दहा झाले तर ताण पुरत नाही.